आधी खाडे, मग बाकीचं

स्वतःचा प्रोजेक्ट हाती घेतलेली पोरं हमखास विचारतात, सुरुवात झाली पण पुढे सरकत का नाही? बहुतेक वेळा तो सरकत असतो, फक्त आडवा. माझं मेसच्या हिशेबाचं अ‍ॅप असंच आडवं पसरलं होतं, त्यावरून सांगतो.

नागपुरात बजाज नगरला आम्ही जेवायचो तिथल्या काकू खाडे वहीत मांडत. डावीकडे नावं, वर तारखा, प्रत्येक चौकोनात एक तिरकी रेघ. रेघेच्या वर टिंब म्हणजे सकाळचा खाडा, खाली टिंब म्हणजे रात्रीचा. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून तेवढा अर्धा चौकोन आधीच काळा केलेला. सकाळी दहाच्या आत सांगितलं तरच खाडा धरणार. महिनाअखेर वाद ठरलेला. कोणाचे किती पैसे झाले, हे एका स्क्रीनवर दिसावं, एवढंच मला करायचं होतं.

मग लॉगिन आलं, कारण लॉगिनशिवाय अ‍ॅप कसलं. भाजीवर मतदान आलं, डार्क मोड आला. पुढे अनेक मेस चालाव्यात म्हणून डेटाबेसची सगळी टेबलं नव्यानं मांडली. ती दुसरी मेस कोणती, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. खाड्यांचा हिशेब तेवढा अर्धवट राहिला.

नवं फीचर नेमकं कधी सुचतं, ते आपल्याच कमिटच्या, म्हणजे कोडमध्ये साठवत गेलेल्या बदलांच्या, यादीत शोधा. माझ्या यादीत स्पष्ट दिसत होतं: हिशेब अडला, किंवा एखाद्या मित्राचं हिरवंगार गिटहब (कोड ठेवायची साइट, कमिट केलेल्या दिवसाचा चौकोन तिथे हिरवा होतो) पाहिलं, की त्याच रात्री नवी स्क्रीन. मतदान चुकलं तर कोणाचं काही बिघडत नाही. हिशेब चुकला तर काकू वही उघडून समोर ठेवणार. त्या भीतीपासून लांब राहायला डार्क मोडसारखी सोय नाही.

‘असे अ‍ॅप छप्पन पडलेत बे, तू काय नवीन करून राहिला?’ हेही ऐकावं लागतं. त्याला उत्तर देत बसू नका. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स यानं 7 एप्रिल 2005 ला गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची, पहिली कमिट केली, तेव्हा त्यात इतिहास दाखवणारी साधी लॉगची आज्ञासुद्धा नव्हती. त्याला लिनक्सच्या गाभ्याचं, कर्नलचं, काम अडू द्यायचं नव्हतं, तेवढ्यापुरतं ते पुरेसं होतं.

माझा प्रोजेक्ट काकूंच्या वहीतल्या पोळ्याच्या पानानं सरळ केला. पोळा-तान्हा पोळ्याला निम्मी मेस वर्धा, यवतमाळ, गोंदियाकडे गावी जाते, त्यामुळे 2024 च्या सप्टेंबरचं पान टिंबांनी भरलेलं. त्या पानाचा फोटो काढला आणि ठरवलं, हेच पान अ‍ॅपमध्ये भरायचं आणि बेरीज काकूंच्या आकड्याशी जुळवायची. जुळेपर्यंत दुसरं काही नाही. तुमच्याही प्रोजेक्टमध्ये असं एखादं पान असेल, कोणाचं तरी खरं बिल, खरी यादी. मनानं रचलेल्या डेटावर समाधान मानू नका, तो नेहमी आपल्या सोयीचा असतो.

पानाला नको ते सगळं मुख्य शाखेतून काढलं. आधी गिटचा टॅग, म्हणजे जुन्या कोडकडे परत जायची खूण, लावून ठेवला, म्हणून हात थरथरला नाही. कोड कॉमेंट करून, म्हणजे नुसता बंद करून, ठेवू नका, सरळ पुसा. तो दिसत राहिला की मन तिकडे ओढतं. सुचलेलं सगळं ‘नंतर’ नावाच्या फाइलीत टाका.

टेबलं दोनच उरली, मेंबर आणि खाडे. आधी मी प्रत्येक जेवणाची हजेरी साठवत होतो. काकू फक्त गैरहजेरी लिहितात, तेच बरोबर होतं.

तरी बेरीज जुळेना. पोळा 2 सप्टेंबरला, सोमवारी होता, आणि अ‍ॅप त्या रात्रीचा खाडा रविवारी टाकत होतं. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून पैसे वजाच होत नव्हते. तारीख मी मध्यरात्रीची वेळ म्हणून साठवली होती. आपण यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे, त्यामुळे यूटीसीत बदलताना ती आदल्या दिवशीची 18:30 होत होती. नुसता दिवस हवा असेल तर वेळ साठवूच नका, ‘2024-09-02’ एवढंच ठेवा. लॉगिन नि मतदानाच्या गर्दीत हा बग मला कधीच सापडला नसता.

आकडा जुळल्यावर फोन काकूंच्या हातात दिला. त्यांनी दोन-चार नावं तपासली आणि विचारलं, ‘बाबू, पाहुण्याचं ताट कुठं लिहायचं?’ पुन्हा पान पाहिलं. समासात बारीक अक्षरात पाहुण्यांची ताटं होती. म्हणजे ही मागणी पानावरचीच, ती लगेच घेतली. त्याच आठवड्यात एका मेंबरनं रोजच्या कॅलरी मागितल्या, त्या ‘नंतर’मध्ये गेल्या.