कोकणच्या चिखलासाठी जुनी जिप्सी की उंच केलेला ट्रक?

पावसाळ्यात कोकणात गाडी अडते ती मुख्यतः तांबड्या मातीच्या पाणंदीत. तिथे ताकदीपेक्षा वजन महत्त्वाचं. मारुतीची जिप्सी किंग जेमतेम 1 टनाची. टोयोटाचा हायलक्स पिकअप ट्रक मुळातच 2 टनांच्या वर, त्यात लोखंडी बंपर, विंच (गाडी ओढून काढायची दोरीची चरखी) आणि कॅरियर चढवला की आणखी भर. भिजलेली माती एवढा भार पेलत नाही. चाकं खाली जातात, डिफरन्शिअल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) मधल्या वरंब्यावर टेकतं आणि दोन्ही बाजूंना दगडी गडगे असल्यामुळे बाजूनेही निघता येत नाही.

सस्पेन्शन उंच करून यावर उपाय होत नाही. बॉडी वर जाते, मागच्या एक्सलवरचं डिफरन्शिअल तिथेच राहतं. ते फक्त मोठ्या टायरने वर जातं, तेही निम्म्यानेच: टायर 2 इंच मोठा, तर उंची 1 इंच. 30 इंची टायरच्या जागी 33 इंची घातला की लो गिअरमध्येही गाडी 10 टक्के जोरात पळते, क्लच जळतो, पुढच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटवर ताण येतो. म्हणून नव्या ट्रकला मूळ मापाचेच मड टायर घाला आणि वरचं सामान उतरवा.

जुनी गाडी हलकी असली तरी ती आतून धड हवी. आधी चेसिस बघा, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे चेसिसला टांगलेल्या असतात त्या शॅकलजवळ. छोट्या हातोडीने ठोका: ठणठणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर आतून गंज खाल्लाय. खाऱ्या हवेत हे हमखास होतं. असली चेसिस वेल्डिंग केल्याशिवाय चिखलात नेऊ नका.

मग हब, म्हणजे पुढचं चाक एक्सलला जोडणारे लॉक. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही लॉक करा, मागच्या चाकांना दगड लावा, गाडी फोर बाय फोरमध्ये आणि गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा. आता पुढचं एक चाक जॅकवर उचलून फिरवा. ते मोकळं फिरलं तर दोनपैकी एक हब पकडत नाहीय.

पाणंदीत उतरण्याआधीच हवा कमी करा: जिप्सीला 15-16 पीएसआय, 2 टनी ट्रकला 20-22. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिममधून सुटतो. शेवाळलेल्या कातळावर मात्र 4-5 पीएसआय जास्त ठेवा, जांभ्याच्या धारेने साइडवॉल फाटते. लो रेंज (जास्त जोराचे, सावकाश गिअर) पाणंदीत उतरण्याआधी, उभ्या गाडीतच टाका. चिखलात उभं राहून टाकण्यात अर्थ नाही, निघताना चाकं आणखी खणतात.

जिप्सीची तिरकी दोन चाकं अधांतरी झाली की सगळा जोर त्यांतच वाया जातो. अशा वेळी रेस थोडी धरून डाव्या पायाने ब्रेक हलका दाबा, जमिनीवरच्या चाकांना जोर मिळतो. नव्या गाडीत हेच काम ट्रॅक्शन कंट्रोल करतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो: रेस एकसारखी ठेवा, चाक फिरतंय म्हणून लगेच पाय काढू नका. मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर रुतण्याआधी लावा आणि कडक जमिनीवर वळण्याआधी काढा.

पऱ्यात (ओढ्यात) नवी गाडी सरस. महिंद्रा थारची पाण्यातली मर्यादा 650 मिमी, हायलक्सची 700. कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीचा डिस्ट्रिब्युटर त्याच्या बराच आधी भिजतो. दोन्ही गाड्यांत खरा धोका एक्सलला असतो. तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. ब्रीदरची नळी (एक्सलमध्ये हवा ये-जा करण्याची) बॉनेटच्या उंचीपर्यंत वर नेली की हे टळतं, आणि तिला खर्चही फारसा येत नाही. खाडीजवळच्या पऱ्यात भरतीची वेळ बघूनच उतरा.

परत आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. डिफरन्शिअलचा ड्रेन प्लग किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. तेल दुधाळ दिसलं तर पूर्ण बदला आणि जिप्सीत पुढच्या नकलचे (चाक वळवणाऱ्या सांध्याचे) सीलही बदला.