शेरेबुक मिटा, फोन उघडा : लांबच्या शाळेतल्या शिक्षकाला साथ देताना

माझ्या केंद्रातल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या गटातल्या, शाळा पेठ तालुक्यात, मी राहते नाशिकला म्हसरूळमध्ये. पावसाळ्यात सावळघाट ओलांडून एखाद्या पाड्यावरच्या शाळेत पोचेपर्यंत अर्धा दिवस सरलेला असतो. मग घाईघाईत एक तास पाहायचा, शेरेबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ लिहायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. अशाने कुणाचं शिकवणं बदलत नाही. म्हणून दोन भेटींच्या मधल्या दिवसांत मी फोनवरून काम करते. नव्या केंद्रप्रमुखांना आणि विषयतज्ज्ञांना उपयोगी पडेल म्हणून माझी रीत सांगते.

पहिलं म्हणजे हे काम केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर करू नका. ग्रुप माहिती मागवायला आणि फोटो टाकायला ठीक आहे. तिथे कोणी ‘माझी मुलं बोलतच नाहीत’ असं लिहिणार नाही, आणि लिहिलंच तर खाली अंगठे आणि नमस्कार येतील. ही गोष्ट दोघांतच ठेवायची.

आधी फोन करून विचारा, ‘मॅडम, वर्गात नेमकं कुठे अडतंय?’ विषय त्यांनीच निवडायचा, आणि एकच. समजा त्या म्हणाल्या की प्रश्न विचारला की ठरावीक दोन मुलंच उत्तर देतात. बास, तेवढंच धरा. फळ्यावरचं अक्षर, भिंतीवरचे तक्ते यांकडे या वेळी बघायचंच नाही.

मग त्यांना आठ-दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करायला सांगा. व्हिडिओचा हट्ट नको, आवाज पुरतो. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, म्हणजे मध्येच कॉल येत नाही. रेकॉर्डरला रेंज लागत नाही. टेबलापेक्षा मुलांच्या मधोमध ठेवला तर मागच्या रांगेतलं पुटपुटणंही ऐकू येतं. फाइल रेंजमध्ये आल्यावर पाठवायची. व्हिडिओ लागलाच, तर फोन मुलांच्या पाठीमागे ठेवा, चेहरे नकोत. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुख्य नियम आहे. मुख्याध्यापकांशी बोलून पालकांना आधी सांगाच. व्हिडिओ गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकून फक्त दोघांच्या ईमेलला उघडा. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय नको.

आता खरं काम. हेडफोन लावून ऐका आणि गूगल शीटमध्ये चार रकाने करा: वेळ, प्रश्न, त्यानंतर किती सेकंद शांतता, उत्तर कोणाचं. विशेषणाला रकाना नाही. ‘छान’ नाही, ‘सुधारणा आवश्यक’ तर नाहीच. मराठी टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डचा (गूगलच्या कीबोर्डचा) माइक दाबून बोला, चुका नंतर दुरुस्त करा.

शांततेचा रकाना मुद्दाम आहे. अमेरिकेत शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारून शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलू लागतात. आमच्याकडे तर हे दुप्पट लागू आहे. घरी कोकणा बोली बोलणारं पहिलीतलं पोर ‘किती उरले?’ हा प्रश्न आधी आपल्या बोलीत समजून घेतं, मग मराठीत उत्तर जुळवतं. तोवर बाईंनी पुढच्याला उठवलेलं असतं!

शीट आदल्या दिवशी पाठवा आणि मग गूगल मीटवर बोला. मोफत खात्यावर तिघे किंवा जास्त असले की एका तासाची मर्यादा येते, दोघांना ती अडचण नाही. रेंज तुटत असेल तर साधा फोनही चालतो, शीट दोघांसमोर आहेच. सुरुवात त्यांना करू द्या: ‘हे आकडे बघून तुम्हाला काय वाटतं?’ त्यानंतर तुम्ही गप्प राहायचं. (तीन सेकंद आपल्यालाही लागू आहेत, आणि अधिकाऱ्यांना ते फार जड जातात.) बहुतेक वेळा उपाय त्याच सांगतात: मनात तीन अंक मोजेन, आधी जोडीदाराला सांगायला लावेन. दोन्हींतलं एकच ठरवा. नमुना हवा असेल तर दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर व्हिडिओ शोधता येतात, पण एकच द्या आणि रेंज असताना डाउनलोड करून ठेवायला सांगा. पाच लिंका पाठवल्या की एकही उघडली जात नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच विषयाचं, तेवढ्याच लांबीचं रेकॉर्डिंग घ्या आणि त्याच शीटमध्ये खाली नोंदवा. दोन्ही वेळचे सेकंद एकाखाली एक आले की वेगळं समजवावं लागत नाही.

काही जण हेच काम गूगल फॉर्मवर करतात: वीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. तो तपासणीचा कागदच आहे, फक्त पडद्यावरचा. शिक्षकाला त्याचा वास लगेच येतो आणि पुढच्या वेळी ठेवणीतला पाठ रेकॉर्ड होऊन येतो. वरून कोणी ही शीट अहवालासाठी मागितली, तर किती शिक्षकांसोबत काम चालू आहे तेवढंच कळवा, नावानिशी नोंदी देऊ नका. एकदा त्या नोंदी बाहेर गेल्या की केंद्रातलं दुसरं कोणीही तुम्हाला रेकॉर्डिंग देणार नाही.

काम संपलं की रेकॉर्डिंग दोघांच्याही फोनमधून आणि ड्राइव्हमधून काढा. ड्राइव्हची पुसलेली फाइल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते आणि तुमच्या १५ जीबीतली जागाही अडवते, तेव्हा ट्रॅशही रिकामा करा. शीट मात्र त्या शिक्षिकेच्या नावावर करून टाका.