इंदूरहून गळ टाकायला निघताय? पाणी निवडताना या चुका टाळा

पावसाळा सरला की कोणीतरी नवा रॉड-रील घेऊन भेटतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, चारा कुठला लावू?" पाणी कुठलं निवडू, हे कोणी विचारत नाही. मोबाइलच्या नकाशावर निळा ठिपका दिसला की काढली गाडी. नव्या पाण्यावर पहिल्या फेरीला मी रॉड घरीच ठेवतो. पहाटे दोन तास काठाने फिरतो. नाला कुठे येऊन मिळतो, बुडबुडे कुठे उठतात, केवट जाळं कुठे लावतात, एवढंच बघतो. एवढा धीर नसेल तर हा छंद धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे धरणाखालच्या नदीला साधी नदी समजणं. ओंकारेश्वरच्या खाली उन्हाळ्यात नर्मदा उथळ आणि खडकाळ दिसते, मधल्या खडकावर जाऊन बसावंसं वाटतं. पण वर ५२० मेगावॉटचं वीजघर आहे. टर्बाइन सुरू झाले की आभाळात ढग नसतानाही पाणी चढतं. २००५ साली नर्मदेकाठी धाराजीच्या यात्रेत वरच्या धरणाचं पाणी अचानक आलं आणि कितीतरी यात्रेकरू वाहून गेले.

हे ठाऊक असूनही एका मार्चमध्ये ओंकारेश्वरच्या खालीच मोरटक्क्याजवळ घोटाभर धार ओलांडून मी भाच्याला घेऊन खडकावर बसलो. दुपारी काठावरून एक म्हातारा केवट ओरडला, "भैया, पत्थर देखो, डूब रिया है!" ज्या दगडावर चपला काढल्या होत्या, तो दिसतच नव्हता. परतीची धार आता पोराच्या मांडीपर्यंत आली होती. रॉड, चाऱ्याचा डबा सगळं तिथेच टाकून निघालो. मध्यावर त्याचा पाय सुटला. शर्टाची कॉलर माझ्या मुठीत होती म्हणून तो वाचला. घरी आल्यावर ताईला काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

तेव्हापासून नदीवर उतरलो की आधी पाण्याच्या कडेला काडी रोवतो आणि दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघतो. काडी बुडायला लागली की सामान गुंडाळायचं, मासा लागलेला असला तरी. आणि बसायला धार ओलांडून जायचं नाही, मग ती घोटाभर का असेना.

महाशीर म्हणजे आपली बाडस तलावात शोधू नका. २०११पासून ती मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, पण तिला वाहतं, स्वच्छ पाणी आणि खाली गोटे लागतात. नर्मदेवर धरणं झाली, बाडसच्या वाटा तुटल्या. कधी गळाला लागलीच तर पाण्यातच गळ काढून सोडून द्या.

इंदूरजवळचा यशवंतसागर तलाव सगळीकडे सारखाच, असं समजून कुठेही बसू नका. तो म्हणजे अडवलेली गंभीर नदी. उन्हाळ्यात उथळ काठ तापतो, कोमट पाण्यात प्राणवायू कमी उरतो आणि मासा जुन्या पात्राच्या खोलीकडे सरकतो.

डिसेंबरात माळव्यातल्या तलावांवर रोहूची वाट बघत कुडकुडण्यापेक्षा भेरूघाट उतरून निमाडात जा. तिथे अंगातला स्वेटर उतरवावा लागतो, पाणीही उबदार असतं.

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. हा अंडी घालायचा काळ, तेव्हा सहलीचे बेत आखू नका.

तलाव बहुधा ठेक्यावर दिलेले असतात. माशांचं बीज सोडलेलं असतं मच्छीमार समितीने, स्वतःच्या पैशाने. न विचारता गळ टाकणं ही चोरीच. काठावरच्या झोपडीत जाऊन विचारा. माझ्या अनुभवात नीट विचारलं तर नाही म्हणणारे थोडेच.

कान्ह नदीत शहराचं सांडपाणी येतं, तिचा मासा खाऊ नका. आणि इंदूरचा सिरपूर तलाव पक्ष्यांसाठी राहू द्या. २०२२मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. गेल्या हिवाळ्यात यशवंतसागरच्या काठी एक बगळा पाय ओढत चालताना दिसला. गळाची नायलॉनची दोरी पायात इतकी रुतली होती की वरची कातडी सुजून फुगली होती. पकडायला गेलो तर उडाला, दोरी लोंबतच होती. तुटलेली दोरी मी आता तिथेच बोटाभोवती गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकतो.