प्रकाशनांची फाइल: मुलाखतीआधी काय काय उरकायचं

बढतीच्या मुलाखतीचं पत्र आल्यावर प्रकाशनांची यादी करायला बसलात, तर ती यादी घाईत होणार आणि चुकणार. हाताशी निदान एक महिना ठेवा. लिहायला एवढा वेळ लागत नाही, पण लेखांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसमधल्या चुका दुरुस्त करून घ्यायला लागतो, आणि ते काम आपल्या हातात नसतं. हे टिपण मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पीएसएममधल्या (म्हणजे सामुदायिक वैद्यक विभागातल्या) आणि सार्वजनिक आरोग्याच्या संस्थांमधल्या मंडळींसाठी आहे. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, आशा (गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या), रुग्णांच्या खिशातून जाणारा पैसा, सरकारी योजनांची अंमलबजावणी यांवर जे संशोधन करतात त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी नाव, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. आपलं नाव तीन पदांचं, आणि लग्नानंतर त्यातली दोन अनेकींची बदलतात. एका नियतकालिकात ‘पाटील एस’, दुसऱ्यात ‘पाटील एस आर’, तिसऱ्यात ‘देशमुख एस व्ही’ असं छापून आलं, की डेटाबेसच्या लेखी त्या तीन व्यक्ती झाल्या. उलट नुसत्या ‘पाटील एस’ खाली कोल्हापूरच्या अस्थिरोगतज्ज्ञापासून हुबळीच्या दंतवैद्यापर्यंत सगळे एकत्र सापडतात. म्हणून ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, सोळा अंकी क्रमांक काढा. 2012 पासून ही सोय आहे आणि संशोधकाला ती फुकट मिळते. त्यात माहेरचं, सासरचं, आद्याक्षरांचं अशी नावाची सगळी रूपं नोंदवता येतात. मग प्रत्येक लेख डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून जोडा. स्कोपस या लेखांच्या आणि उद्धरणांच्या डेटाबेसमध्ये आपली दोन-तीन प्रोफाइल तयार झाली असतील तर ती एकत्र करण्याची विनंती तिथूनच करता येते. स्वतःचं प्रोफाइल शोधून बघायला वर्गणी लागत नाही. ही विनंती पहिल्या आठवड्यातच पाठवा.

गूगल स्कॉलरचं प्रोफाइल उघडून ओळीओळीने वाचा. लेख आपोआप जोडायची मुभा तुम्ही कधीतरी दिलेली असते आणि मग नावसाधर्म्याने परक्याचे लेख तुमच्या खात्यात येऊन बसतात. समितीतल्या कुणी मोबाइलवर तुमचं नाव टाकलं आणि आरोग्यसेवांच्या संशोधकाच्या नावावर गुडघ्याच्या सांध्याचा लेख दिसला, तर ‘ते आपोआप आलं’ हा खुलासा कितीही खरा असला तरी ऐकायला बरा वाटत नाही. परके लेख काढा आणि इथून पुढे प्रत्येक भर आधी ईमेलने विचारून व्हावी असं सेटिंग करा.

आता खुद्द यादी. ती एकाच फाइलमध्ये, व्हँकुव्हर पद्धतीने (वैद्यकीय नियतकालिकांत संदर्भ लिहायची रूढ पद्धत), नवीन लेख वर आणि जुने खाली अशी लावा. प्रत्येक नोंदीपुढे लेखकांमधला तुमचा क्रमांक, पत्रव्यवहाराचे लेखक (ज्यांच्या नावे लेखाबद्दलचा पत्रव्यवहार होतो ते) तुम्ही आहात का, आणि लेखाचा प्रकार लिहा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2022 च्या नियमांत मूळ संशोधन, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा; त्याआधीच्या प्रकारात त्यांचे आकडे एकत्र करून तपासतात) आणि केस सिरीज (सारख्या रुग्णांच्या नोंदींचा संच) एवढेच प्रकार बढतीसाठी धरले होते. तुम्ही पहिल्या तीन लेखकांत किंवा पत्रव्यवहाराचे लेखक असणंही आवश्यक होतं. 2025 मध्ये नवी नियमावली आली आहे. तेव्हा तुमच्या जाहिरातीला कुठला नियम लागू आहे, हे मूळ अधिसूचना काढून वाचा. विभागातल्या सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका, त्यांच्या वेळचे नियम वेगळे होते. संपादकाला पत्र, संपादकीय, दृष्टिकोन हे वेगळ्या मथळ्याखाली घाला. जिल्ह्याचा मूल्यमापन अहवाल किंवा आशांसाठी तयार केलेली मराठी पुस्तिका आपल्या क्षेत्रात मोलाची असते, पण तिला शोधनिबंधांच्या रांगेत बसवलं की बाकीची रांगही संशयास्पद दिसू लागते.

नियतकालिक कुठे सूचीबद्ध आहे, हे लेखागणिक सिद्ध करावं लागतं. इथे पबमेड, मेडलाइन आणि पबमेड सेंट्रल या तिघांची सर्रास सरमिसळ होते. पबमेड हे शोधायचं साधन. मेडलाइन ही निवडक नियतकालिकांची सूची. पबमेड सेंट्रल हे पूर्ण लेखांचं भांडार. एखादा लेख पबमेडमध्ये दिसतो एवढ्यावरून ते नियतकालिक मेडलाइनमध्ये आहे असं ठरत नाही, तो भांडाराच्या वाटेनेही तिथे आलेला असू शकतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये नियतकालिकाचं नाव टाकलं की उत्तर मिळतं. स्कोपसमध्ये नियतकालिक कुठल्या वर्षांपासून कुठल्या वर्षांपर्यंत घेतलं आहे ते पाहा. काही नियतकालिकं मधेच वगळली जातात, आणि तुमचा लेख त्यानंतरचा असेल तर उपयोग नाही. त्या पानाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि लेखाच्या मागे लावा.

‘यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे’ हे वाक्य आता फाइलमधून काढून टाका. त्या यादीचा इतिहास पुणेकरांना चांगला ठाऊक आहे. विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत शिरलेली नियतकालिकं पुण्यातल्या संशोधकांनी 2018 मध्ये तपासली, तेव्हा तपासलेल्यांपैकी 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची निघाली. त्यानंतर यूजीसी-केअर यादी आली, तिचं कामही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ती यादीही बंद झाल्याचं जाहीर झालं.

आकड्यांचा तक्ता छोटाच करा. एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये मांडली: तुमच्या सात लेखांना प्रत्येकी निदान सात उद्धरणं (इतरांच्या लेखांत दिलेले संदर्भ) असतील, पण आठ लेखांना प्रत्येकी आठ नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स सात. हाच आकडा गूगल स्कॉलरवर सहसा जास्त दिसतो, कारण ते प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले लेख), अहवाल असं सगळंच मोजतं. स्कोपस आणि त्याच्यासारखाच वेब ऑफ सायन्स हा डेटाबेस मोजकं मोजतात. त्यामुळे स्रोत आणि पाहिल्याची तारीख यांच्याशिवाय एकही आकडा लिहू नका, आणि उद्धरणं एका ठिकाणची व एच-इंडेक्स दुसऱ्या ठिकाणचा अशी खिचडी करू नका. स्वतःच स्वतःला उद्धृत केलेली उद्धरणं वजा करून काय उरतं तेही काढून ठेवा. स्कोपस ते दाखवतं, आणि विचारणारा नेमकं तेच विचारतो. इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांना सरासरी किती उद्धरणं मिळतात याचा आकडा) नियतकालिकाचा असतो, तुमच्या लेखाचा नव्हे. त्या नावाने भलत्याच कंपन्यांनी वाटलेले आकडेही फिरत असतात, ते लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवलेला बरा.

माझ्या मते फाइलचा सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढचा आहे, आणि बहुतेकांच्या फाइलमध्ये तो नसतोच. आरोग्यसेवांच्या संशोधनाचं खरं चीज ते वापरलं जाण्यात असतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामाकडे बघा. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर मृत्यू किती कमी होतात, याचा त्यांचा शोधनिबंध 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचं त्यात होतं. त्याला उद्धरणं भरपूर मिळाली. पण 2011 मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा आशांमार्फत देशभराचा कार्यक्रम झाला, ही गोष्ट कुठल्याही एच-इंडेक्समध्ये मोजली जात नाही. आपल्यापैकी कुणाचं काम एवढं मोठं नसेल, पण एखाद्या शासन निर्णयात, जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात, प्रशिक्षण पुस्तिकेत किंवा मार्गदर्शक सूचनेत ते आलं असेल तर त्या पानाची प्रत, क्रमांक आणि तारखेसह लावा. ‘धोरणावर प्रभाव’ असं मोघम वाक्य मात्र नको. कागद नसेल तर दावाही करू नका.

किरकोळ कागद झटपट गोळा होतात: नैतिक समितीची मंजुरी, चाचणी असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक, लेख स्वीकारल्याचा ईमेल, बीसीबीआरचं (जैववैद्यकीय संशोधनाच्या मूलभूत अभ्यासक्रमाचं) प्रमाणपत्र. तुमचा एखादा लेख मागे घेतला गेला असेल किंवा त्यावर दुरुस्ती छापली असेल तर ती नोंद स्वतःच करा. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस 2023 पासून क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेकडे आहे आणि कुणीही तो पाहू शकतं. पैसे भरून आठवड्यात छापून आलेला एखादा जुना लेख असेल तर तो लपवू नका आणि पात्रतेच्या मोजणीतही धरू नका.

शेवटच्या दोन दिवसांत यादीला हात लावू नका. स्वतःचे दोन उत्तम लेख निवडा आणि पद्धतीचा भाग पुन्हा वाचा: नमुना कसा ठरवला, किती जणांनी नकार दिला, तुलनेचा गट का नव्हता. सहलेखकांपैकी कुणी नेमकं काय केलं हेही लिहून ठेवा, कारण आठ लेखकांच्या निबंधात तुमचं नाव तिसरं असेल तर हा प्रश्न येतोच. फाइलच्या दोन प्रती काढा, अनुक्रमणिकेत पृष्ठ क्रमांक घाला, आणि साक्षांकनासाठी अधिष्ठात्यांच्या कार्यालयात सोमवारी सकाळीच नेऊन द्या. शुक्रवारी दुपारी तिथे सही मिळत नाही.