येळवस: काळ्या आईच्या डोहाळजेवणाची तयारी

लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडचे बीदर-कलबुर्गी, एवढ्या टापूत येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभरा घाट्यात, तूर शेंगांनी वाकलेली. जमीन गरोदर आहे, तिला डोहाळे लागलेत आणि ते पुरवायचे, या समजुतीवर सगळा दिवस बेतलेला असतो. काय करावं, काय टाळावं हा प्रश्न पडला की घरातल्या गरोदर बाईला आपण कसं जपतो ते आठवायचं. म्हणून त्या दिवशी औत धरायचं नाही, कुदळ मारायची नाही. चूलसुद्धा खणायची नाही, तीन दगडांवर भागवायचं.

आधी तारीख नीट बघा. मोबाइलमधलं पंचांग उत्तरेकडच्या पद्धतीचं असेल तर आपली मार्गशीर्ष अमावस्या त्यात पौष अमावस्या म्हणून दिसते आणि ‘मार्गशीर्ष अमावस्या’ शोधणारा महिनाभर आधीच ताक घुसळून बसतो. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे येळवस ११ जानेवारी २०२४ ला गेली आणि त्याच सालात ३० डिसेंबरला पुन्हा आली. अमावस्या दोन दिवसांत विभागली असेल तर गाव करेल तो दिवस धरा. लातूर जिल्ह्यात या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर होते, तीही बघता येते.

आंबील (दहा माणसांची)

आदल्या रात्री २ वाट्या ज्वारीचं पीठ २ वाट्या आंबट ताकात गुठळी न ठेवता कालवून झाकून ठेवा. सकाळी ८ वाट्या पाण्याला उकळी आणा आणि पीठ धारेनं सोडत सतत ढवळा. मंद आचेवर दहा-बारा मिनिटांत कच्चा वास जातो. पूर्ण गार झाल्यावरच ६ वाट्या ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घाला. घाई इथंच नडते: गरम आंबिलीत ताक पडलं की ते फाटतं आणि चोथापाणी होतं. आंबील मडक्यात ठेवा, बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात नको, आंबटपणानं ती कळकते. मडक्याला बाहेरून चुन्याचे पट्टे ओढायचे आणि ते डोक्यावरून शेतात न्यायचं.

भज्जी

ही तळलेली भजी नव्हेत, हे बाहेरगावच्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवा. रानात त्या घडीला जे जे हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात, असा तिचा अर्थ. तुरीचे सोले आणि हरभऱ्याचे ओले दाणे २-२ वाट्या, वाटाणा आणि पावटा १-१ वाटी, भिजवलेले शेंगदाणे अर्धी वाटी. मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात यांची एकेक जुडी, दोन गाजरं, दोन वांगी, मूठभर बोरं. शिवाय १ वाटी बेसन, दोन लिंबांएवढी चिंच आणि हिरवी मिरची-लसणाचा ठेचा.

दाणे आणि शेंगदाणे आधी नुसत्या पाण्यात बोटानं चेपतील इतके शिजवा. मग गाजर-वांगी, मग पालेभाज्या आणि बोरं. चिंचेचा कोळ सगळ्यांत शेवटी. तो आधी पडला तर आंबटानं दाणे आकसतात आणि मग तासभर उकळले तरी टणकच राहतात. त्याच कोळात थोडं गार पाणी घालून बेसन कालवा, पातेल्यात सोडून पंधरा मिनिटं रटरटू द्या. तळाला लागतं, पळी थांबवू नका. वरून लसणाची चरचरीत फोडणी. पळीतून भज्जी धारेनं नव्हे, गोळ्यानं पडली पाहिजे.

सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे. पीठ उकळत्या पाण्यानंच मळा, गार पाण्यानं मळलेले उंडे वाफेवर तडकतात. आंबट भात, गव्हाची खीर, तिळाची पोळी हे ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे.

कोप आणि पूजा

कडब्याच्या पाच पेंढ्या. शेंडे एकत्र बांधून बुडखे फाकवले की कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी राहते. पाठ वाऱ्याकडे ठेवा, नाहीतर दिवा टिकत नाही. आत पाच दगडांचे पांडव, धुऊन चुना लावलेले, शेजारी लक्ष्मी. कोपीवर हिरवी साडी किंवा खण घाला आणि ओटी भरा: नारळ, गहू, हळकुंड, सुपारी. मग सगळ्या पदार्थांचा नैवेद्य.

चर शिंपणं

दिवसाचा गाभा हाच, आणि घाईत उरकला जातो तोही हाच. एका भांड्यात भज्जी, उंडा, भात कालवून त्यात आंबील ओता, हे कालवण म्हणजे चर. एकानं भांडं धरायचं, दुसऱ्यानं ज्वारीच्या पाल्यानं पिकावर शिंपडत बांधाबांधानं शेताला पूर्ण वेढा घालायचा. तोंडानं ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’. शब्द कानडी वळणाचे आहेत, पलीकडे या विधीलाच ‘चरग’ म्हणतात, आणि गावागणिक ते बदलतात. तुमच्या आजीचा उच्चार तोच बरोबर. कोपरे सोडू नका, कालवण पातळ ठेवा, लगदा झाला की उडत नाही. आंबिलीनं कीड मरते असं कुणी सांगितलं म्हणून फवारणीचं वेळापत्रक बदलू नका, हा आईला भरवलेला घास आहे. घरचे जेवायला बसतात ते त्यानंतर. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, ओळख विचारायची नाही.

शेत विकलेल्यांनी किंवा पुण्या-मुंबईत असणाऱ्यांनी कुंडीतल्या मातीवर चमचाभर शिंपडलं तरी चालतं, पण शक्य असेल तर कुणाच्या तरी बांधावर जा. येळवशीला पाहुण्याला नाही म्हणत नाहीत.

संध्याकाळ

छोट्या बोळक्यात दूध तापवून उतू घालतात. ज्या बाजूनं उतू जाईल त्या बाजूला पीकपाणी चांगलं, असा अंदाज. बोळकं तिरपं बसलं की कौल तिरप्या बाजूचाच लागतो, तेव्हा दगड सपाट मांडा. अंधार पडताना हेंडगा: कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवायची. पेंढी घट्ट आवळलेली हवी, सैल असली की जळते काडं गळतात. कडब्याची गंज आणि वाळला ऊस जवळ असेल तर त्या बाजूनं फिरवू नका, ओलं पोतं हाताशी ठेवा. शेवटी चूल पाण्यानं विझवा. पांडव शेतातच राहतात, पुढच्या वर्षी तेच धुऊन पुन्हा चुना लावायचा.