तुरुंगात स्वयंसेवक पाठवायचेत? आधी त्यांना तारखेला बसवा

कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटला संपायच्या आधीच तुरुंगात असलेल्यांसाठी, काम करायचंय म्हणून दर जूनमध्ये दहा-बारा जण माझ्याकडे येतात. टिकतात तीन-चार. गळती झाली तर चालते, पण ती बराकीत एक पाऊल टाकायच्या आधीच व्हायला हवी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि गेली नऊ वर्षं हे काम करतेय, एवढ्या अनुभवावर हे लिहितेय.

आलेल्या माणसाकडून मी फॉर्म भरून घेत नाही. त्याला एखाद्या कैद्याच्या आईबरोबर एक दिवस सेशन कोर्टात पाठवते. सकाळी साडेदहापासून बाकावर बसायचं, नाव पुकारलं की आत जायचं, पुढची तारीख लिहून घ्यायची आणि त्या माउलीला एसटीत बसवून घरी जायचं. संध्याकाळी फोन करून एकच विचारते, "काय पाहिलंत?" कोर्ट कसं चुकीचं चालतं यावर जो अर्धा तास बोलतो, त्याला मी लगेच आत पाठवत नाही. "मावशींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मी वडापाव आणला," असं सांगणारा मला हवा असतो.

मग शिकवणं. वॉरंटवरच्या, म्हणजे कोर्टाने तुरुंगात पाठवताना दिलेल्या कागदावरच्या, तारखेपासून दिवस मोजायला मी फळ्यावर शिकवते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणारा कायदा. त्याचं कलम 479 सांगतं की याआधी कधी शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायला हवं. इतरांसाठी निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात बसत नाहीत, एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदा आलेल्याचं एक वर्ष. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून अडकलेले वेगळे. त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे जायचं. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, त्याची कमाई कितीही असो.

नियम थोडेच आहेत. कारागृह अधीक्षकांची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय फाटकाशी जायचं नाही. दोघांनीच जायचं, एकट्याने नाही. स्वतःचा नंबर द्यायचा नाही, चिठ्ठी आत न्यायची नाही, बाहेर आणायची नाही. गुन्हा काय केला हे आपणहून विचारायचं नाही. आणि शब्द द्यायचा नाही.

शेवटच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आमच्या एका मुलीने बीडकडच्या एका पोराला सांगितलं, "तुझ्या आईला आजच फोन लावते." चांगल्या मनानेच म्हणाली. नंबर बंद लागला, तिला वाटलं नंतर बघू, मग तिची परीक्षा आली. तीन आठवड्यांनी मी आत गेले तर तो पोरगा गजांपाशी उभा. "मॅडम, आई गेली का? म्हणून सांगत नाहीत का तुम्ही?" एकवीस दिवस तो याच समजुतीत झोपत होता. आई ठणठणीत होती. तेव्हापासून आम्ही "प्रयत्न करेन, पुढच्या शनिवारी काय झालं ते सांगेन" एवढंच म्हणतो, आणि काहीच झालं नसलं तरी शनिवारी जाऊन सांगतो.

स्वयंसेवकालाही सांभाळावं लागतं, हे बऱ्याच संस्था विसरतात. फाटकाबाहेर आलं की आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतो आणि प्रत्येकाने बोलल्याशिवाय घरी जायचं नाही. झोप उडते, कुणाचे हात थरथरतात. सोडवलेला माणूस महिन्यात पुन्हा आत आला की फसवल्यासारखं वाटतं. हे त्याच दिवशी बोललं गेलं नाही तर माणूस गुपचूप यायचा बंद होतो. प्रवासखर्च द्याच, मागायला लावू नका. घरच्यांचा विरोध असेल तर त्यांना एकदा घरी जाऊन भेटा. मी दोन सासूबाईंची समजूत काढली आहे, त्यातल्या एक आता आम्हाला दर दिवाळीला चिवडा करून देतात.

काम सोडायचंच असेल तर आमची अट एकच. जाणाऱ्याने येणाऱ्याला बरोबर घेऊन एकदा आत जायचं आणि वहीतल्या प्रत्येक नावाच्या माणसाला समोर उभं राहून सांगायचं की पुढच्या शनिवारपासून हे येतील.