सॉल्टेअरच्या गल्ल्यांत जिओकॅश शोधताना
इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये टायटस सॉल्ट यांनी गिरणी कामगारांसाठी वसवलेल्या सॉल्टेअर गावात, दगडी घरांच्या दाट रांगांमुळे मोबाइलवरील दिशादर्शक बाण काही मीटर इकडेतिकडे सरकतो आणि जिओकॅश, म्हणजे जीपीएसच्या आधारे शोधायच्या खेळात कोणीतरी लपवलेली डबी, शोधण्यात विनाकारण वेळ जातो. अशा वेळी बाणामागे फिरू नये. वीस-तीस मीटर दूर, शक्य तितक्या मोकळ्या जागी मिनिटभर स्थिर उभे राहून बाणाची दिशा समोरच्या एखाद्या ठळक खुणेशी जुळवावी, मग साधारण काटकोनातील दुसऱ्या बाजूने तेच करावे आणि दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथूनच शोध सुरू करावा. कालव्याकाठी हे विशेष सोपे जाते. 2001 पासून जागतिक वारसा असलेल्या या घरांत आजही कुटुंबे राहतात. त्यामुळे भिंतीतला एकही दगड हलवू नये, कोणाच्या अंगणात शिरू नये.